शस्त्रे गेली, पोवाडा उरला



ज्या इंग्रजांनी आपल्या लोकांची शस्त्रे काढून घेतली, त्यांच्यातल्याच काहींनी आपली वीरगीते जतन केली. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या हुलसूरच्या श्रोत्यांपुढे या विसंगतीचा विचार मांडणे मला उचित वाटते.

१८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळजवळील हलगलीच्या बेडरांनी हत्यारबंदीचा कायदा झुगारला. कंपनीच्या फौजेने गाव जाळले, अनेकांना फासावर चढविले. लोकांनी त्या प्रसंगावर लावणी रचली. (आपली लावणी शृंगाराकडे झुकलेली, कन्नडात तोच शब्द वीरगीतालाही चालतो.) ती छापली कोणी? मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांनी! शेजारच्या बसवकल्याणातून राज्य केलेल्या चालुक्यांचे शिलालेख अभ्यासणारे फ्लीट ते हेच.

मराठीत हे कार्य हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी हाती घेतले. १८९१ साली त्यांचा व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह निघाला. १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थ यांनी निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केले. अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा त्यांमुळे विलायतेत पोहोचला. शाळिग्रामांचे नाव मात्र आपणही क्वचितच घेतो, याची खंत वाटते.

ही आस्था केवळ राज्यकर्त्यांचे कुतूहल नव्हती. त्यामागे त्यांचा स्वतःचा वाङ्मयीन संस्कार होता. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरही लुटारू वीरांची गाणी होती. १६०३ साली दोन्ही मुकुट एकाच मस्तकावर आले आणि तेथील तलवार हळूहळू थंडावली. पुढे दोनशे वर्षांनी, १८०२ पासून, वॉल्टर स्कॉटने ती गाणी संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. तलवारीचे भय संपले म्हणजे तिचे गाणे गोड लागते! अ‍ॅक्वर्थ यांना पोवाड्यात आपलाच 'बॅलड' दिसला, आणि त्याच साच्यात त्यांनी तो ओतला. तेथे डफ-तुणतुणे नाही, झीलकऱ्यांची 'जी जी' नाही. तरीही हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मात्र संग्राहकाला पोवाडा हा गतकाळाचा अवशेष वाटला, तेवढे मान्य करता येत नाही. या संग्रहाच्या बावीस वर्षे आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजीमहाराजांवर नवा पोवाडा रचून इतिहासाच्या प्रस्थापित मांडणीशी वाद मांडला होता. आणि विसाव्या शतकात, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, अण्णाभाऊ साठे यांनी पोवाड्याचा विषय केला तो स्टालिनग्राडचा.