‘छिद्र’ हा शब्द आणि बुडबुड्यांची परीक्षा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात मराठी, सिंधी व हिंदी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. १९४७ नंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित आले, १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी केव्हाच उठली, तथापि ‘कॅम्प नंबर तीन’ हा पत्ता लोकांच्या तोंडी राहिलाच. वस्तू पालटते आणि शब्द मागे उरतो, याचे हे चांगले उदाहरण होय. मराठीत ‘हृदयाला भोक’ आणि हिंदीत ‘दिल में छेद’ या प्रयोगांचा विचार याच अंगाने करावयास हवा. कारण तेथे एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी दडल्या आहेत, आणि त्या निराळ्या करण्याचे काम, नवल असे की, बुडबुड्यांनी केले.

गर्भावस्थेत फुप्फुसे श्वसनाचे कार्य करीत नाहीत. वारेकडून आलेले शुद्ध रक्त उजव्या कर्णिकेतून डाव्या कर्णिकेत एका अंडाकृती द्वारावाटे जाते. जन्मानंतर डावीकडील दाब वाढतो, द्वारावरची झडप मिटते आणि बहुतेकांत ती पुढे चिकटून जाते. सर्वांत मात्र नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ९६५ हृदयांचे शवविच्छेदन करून १९८४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार २७.३ टक्के हृदयांत हे द्वार उघडे होते. याउलट पडद्याचा काही भाग मुळात घडलाच नाही, तर तो खरा दोष. पहिल्या प्रकारास ‘छिद्र’ म्हणणे म्हणजे दाराची कडी लागली नाही म्हणून भिंत पडली असे म्हणणे होय.

उघड्या द्वारातून घात होतो, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कोनहाइम याने १८७७ सालीच दाखविले होते: पायाच्या नीलेतील रक्ताची गुठळी फुप्फुसात न अडकता त्या वाटेने डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकते. परंतु हे ज्ञान शवविच्छेदनाच्या टेबलावरचे होते. जिवंत हृदयाचा प्रतिध्वनी टिपण्याची विद्या १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हेर्ट्झ यांनी आरंभिली.

बुडबुडे या विद्येत योगायोगाने आले. हृदयात रंगद्रव्य टोचताना पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उमटतो, असे क्लॉड जॉयनर यांच्या नजरेस आले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमिएक व प्रवीण शहा यांनी त्याचा पद्धतशीर उपयोग करून १९६८ साली महारोहिणीच्या मुळाचे प्रतिध्वनी निश्चित केले. ढगाचे कारण रंगद्रव्य नव्हते. टोचताना उत्पन्न होणारे वायूचे सूक्ष्म बुडबुडे होते. द्रव आणि वायू यांच्या सीमेवरून ध्वनिलहरी फार जोराने परावर्तित होतात, एवढेच त्यामागचे रहस्य. क्षणभंगुरतेचा दाखला म्हणून मराठीने बुडबुड्याला नेहमी वापरले आहे. येथे तीच क्षणभंगुरता उपयोगी पडली.

कारण हातच्या नीलेतून गेलेले असे बुडबुडे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतच विरतात. १९७५ च्या सुमारास मेयो क्लिनिकमधील सीवर्ड, ताजिक आदींनी या पद्धतीचा हृदयरोगांच्या निदानासाठी विस्तार केला. आजची कृती साधी आहे. दोन पिचकाऱ्या तीन तोंडांच्या तोटीने जोडावयाच्या, सुमारे ९ मिलिलिटर मीठपाणी व १ मिलिलिटर हवा त्यांतून मागेपुढे घुसळावयाची आणि तत्काळ नीलेत सोडावयाची. उजवी बाजू भरल्यावर पहिल्या तीन ठोक्यांच्या आत डावीकडे बुडबुडे दिसले, तर वाट हृदयातच आहे. पाचएक ठोक्यांनंतर दिसले, तर बहुधा फुप्फुसातील वाहिन्यांत. झडप मिटलेली असताना ती उघडावी म्हणून रुग्णास कुंथावयास सांगतात व एकदम सैल सोडावयास लावतात. त्या क्षणी उजवीकडचा दाब वरचढ होतो. पाश्चात्य वैद्यक या क्रियेस वाल्साल्व्हाचे नाव देते. त्याने ती १७०४ साली कानाच्या संदर्भात वर्णिली होती. मराठीत मात्र ‘कुंथणे’ हा नेमका शब्द आधीच आहे, आणि कोणत्याही रुग्णास तो समजावून सांगावा लागत नाही.

या परीक्षेची मर्यादाही तिच्या शब्दांतच आहे. ती उजवीकडून डावीकडे जाणारी वाट दाखविते. लहान मुलांतील पडद्याच्या दोषात रक्त बहुधा डावीकडून उजवीकडे वाहते. तेथे बुडबुडे न दिसणे हा दोष नसल्याचा पुरावा नव्हे. १९८० नंतरच्या दशकात प्रसार पावलेल्या रंगीत डॉपलरने असा प्रवाह थेट दिसू लागला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते, आणि ही तीन नगरे आजही त्या जिल्ह्यात आहेत. अंगणवाड्यांत व शाळांत जाणाऱ्या या पथकांच्या सूचीत जन्मजात हृदयविकार आहे. अशा तपासणीतून पुढे पाठविलेल्या अंबरनाथच्या बालकाच्या आईला ‘छिद्र आहे’ असे सांगितले जाते, आणि कारण न सापडणारा पक्षाघात झालेल्या बदलापूरच्या चाळिशीतल्या गृहस्थासही तेच वाक्य ऐकावे लागते. पहिल्या प्रसंगी दोषाचा आकार व रक्ताचा भार मोजावयाचा असतो. दुसऱ्या प्रसंगी प्रश्न असा की, एवढ्या लोकांत आढळणारे हे द्वार खरोखर दोषी आहे की केवळ घटनास्थळी हजर होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी निवडक रुग्णांत ते बंद केल्याने पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटते असे दाखविले. ‘निवडक’ हे विशेषण त्यात महत्त्वाचे. म्हणून पहिल्यासाठी ‘छिद्र’ आणि दुसऱ्यासाठी ‘न मिटलेले द्वार’ असे दोन शब्द मराठी अहवालांत रूढ करावयास काहीच अडचण नाही. दोन्ही शब्द घरचेच आहेत.