नोकरीतील अभियंत्यांचे निरंतर शिक्षण

पदवी मिळाल्यावर अभियंत्याचे शिक्षण पूर्ण होते, हा समज कारखान्यात फार काळ टिकत नाही. आरेखन फलकाची जागा संगणकाने घेतली, हाताने चालणाऱ्या यंत्रांची जागा संगणकनियंत्रित यंत्रांनी. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यास हे नवे ज्ञान नोकरी सांभाळूनच मिळवावे लागते. बोरिवली वा मुलुंडहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्यासमोर खरा प्रश्न असतो तो वेळेचा.

या गरजेवरचा जुना मार्ग म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' या संस्थेची एएमआयई परीक्षा. 'अ' आणि 'ब' हे दोन्ही विभाग उत्तीर्ण होणाऱ्यास पदवीधराच्या बरोबरीचे स्थान मिळे. ही मान्यता मात्र ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली.

पवईच्या आयआयटीने अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांबरोबर दूरशिक्षणाचा मार्गही चोखाळला. सप्टेंबर २००४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'एज्युसॅट' उपग्रहाद्वारे तेथील व्याख्याने दूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचू लागली. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल' उपक्रमाने ही व्याख्याने सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१४ पासून त्यांना प्रमाणपत्र परीक्षेची जोड मिळाली. शिकणे विनामूल्य असले, तरी परीक्षेसाठी शुल्क भरून केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते.

प्रमाणपत्र आणि पदवी यांतील फरक येथे ध्यानात घ्यायला हवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीविना दिलेल्या दूरशिक्षणातील अभियांत्रिकी पदव्यांना चाप लावला. त्या पदव्यांवर पदोन्नती मिळवलेल्या अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. त्यानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी लवचिक वेळेचे पदविका व पदवी अभ्यासक्रम चालवण्याची मुभा मान्यताप्राप्त महाविद्यालयांना दिली.

म्हणूनच केवळ कौशल्य वाढवायचे असेल, तर प्रमाणपत्र पुरेसे ठरते. पदोन्नतीसाठी पदवी हवी असेल, तर प्रवेशापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : त्या वर्षासाठी अभ्यासक्रमास परिषदेची मंजुरी आहे काय, आणि आपली आस्थापना ती पदवी ग्राह्य धरते काय. दोन्हींची उत्तरे लेखी घेतलेली बरी.