लायसन मुख्यालयात मिळेल

नंबरप्लेटवर एमएच-३३ दिसलं तर गाडी गडचिरोलीची, एमएच-३४ दिसलं तर चंद्रपूरची. गंमत अशी की गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातूनच निघाला, २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे लेकाला आधीचा नंबर आणि आईला नंतरचा. हे नंबर १९८९ पासूनचे. १ जुलै १९८९ ला देशात नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. आज तुमच्या खिशातलं किंवा डिजिलॉकरमधलं लायसन त्याच कायद्याचं आहे.

लायसनची गोष्ट सहसा एजंट आणि आठचा आकडा एवढ्यावर संपते. पुण्या-नागपुरात ती तेवढीच असेलही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र ती अंतराची गोष्ट आहे.

चांद्याहून सिरोंचा

मोटार चालवायला सरकारची परवानगी लागावी, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी. ज्याने मोटार बनवली त्या कार्ल बेन्झलाही १८८८ मध्ये स्थानिक राजवटीकडून लेखी परवानगी घ्यावी लागली होती. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकाकडे कौशल्याचा दाखला मागायला सुरुवात केली. इंग्लंडने १९०३ च्या कायद्याने लायसन आणलं, पण परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरा आणि घेऊन जा. तिथे परीक्षा सक्तीची झाली ती थेट १९३५ मध्ये.

भारतासाठी पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायची तर लायसन हवं, हे त्याने ठरवलं आणि बारीकसारीक नियम करायचं काम प्रांतांच्या सरकारांवर सोडलं. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा मिळून एकच होते : मध्य प्रांतातला चांदा जिल्हा. राजधानी नागपूर, जिल्ह्याचं ठिकाण चांदा. दक्षिण टोकाचं सिरोंचा एकेकाळी अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. तेव्हापासून प्राणहिता-गोदावरीच्या काठावरच्या माणसाला सरकारी कागद हवा असेल तर दोनशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेकडे जावं लागू लागलं.

१९१४ मध्ये याने कुणाचं अडलं नसणार. इथे मोटारी होत्याच किती? लोक बंडीने, रेंगीने, पायी फिरत. बैलबंडी हाकायला परवाना लागत नव्हता. पोरगं बापाच्या शेजारी बसून कासरा धरायला शिकायचं, तीच शाळा आणि तीच परीक्षा.

१९३९ मध्ये नवा कायदा आला. खासगी गाडीला वय अठरा, मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना वीस. चालकाची पात्रता कशी तपासायची हे कायद्याच्या परिशिष्टातच आलं. राज्यं बदलत गेली. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. चांद्याचं चंद्रपूर झालं. पण एक गोष्ट बदलली नाही : परीक्षा घेणारा मुख्यालयात आणि देणारा जंगलात.

उस्ताद आणि किन्नर

मग गाडी चालवायला लोक शिकले कुठे? बहुतेक जण ट्रकवर. आलापल्लीच्या जंगलातला साग, बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती, चंद्रपूर-बल्लारपूर-वणी पट्ट्यातला कोळसा. या सगळ्याला ट्रक लागत होते, आणि ट्रकला चालक आणि क्लीनर. क्लीनरला ट्रकवाल्यांच्या बोलीत किन्नर म्हणतात. किन्नराने काच पुसायची, टायर बदलायचं, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून हाका मारायच्या. उस्तादाची मर्जी झाली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात यायचं. काही वर्षांत किन्नराचा ड्रायव्हर व्हायचा. लायसन नंतर यायचं, हात आधी बसायचा.

या पद्धतीत गाडी शिकण्यासाठी वाचता यायची गरज नव्हती. २००७ मध्ये केंद्राने नियम केला : व्यावसायिक वाहनाचं लायसन हवं असेल तर आठवी पास पाहिजे. कारण सांगायला सोपं होतं. चालकाला रस्त्यावरच्या पाट्या वाचता आल्या पाहिजेत. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची साक्षरता सुमारे ७४ टक्के होती, राज्याची ८२ टक्क्यांच्या वर. आणि साक्षर असणं वेगळं, आठवीचा दाखला हातात असणं वेगळं. पाचवी-सहावीत शाळा सुटलेला तरुण ट्रकवर दहा वर्षं काढूनही किन्नरच राहणार, असा त्या नियमाचा अर्थ होत होता.

नियम मागे घेतला गेला तो हरियाणामुळे. मेवात भागात ड्रायव्हिंग हाच अनेक घरांचा पोटापाण्याचा धंदा आणि शाळा कमी. त्या राज्याने मागणी केली आणि २०१९ मध्ये केंद्राने आठवीची अट काढली. वाचता येणं आणि गाडी नीट चालवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे बारा वर्षांनी मान्य झालं.

मागे कोण बसणार?

आजची पद्धत कागदावर सरळ आहे. आधी लर्निंग. त्यासाठी वाहतुकीच्या नियमांची आणि चिन्हांची संगणकावर परीक्षा, पास व्हायला ६० टक्के. लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते.

आता हीच पद्धत भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावातून पाहू. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्या इथे जवळजवळ एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की तालुका बाहेरच्या जगापासून तुटतो. घरात माडिया बोलली जाते. परीक्षा मात्र मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत. प्रश्न येतो सिग्नलचा, झेब्रा क्रॉसिंगचा, एकेरी वाहतुकीचा. ज्याने यातलं काहीच गावात पाहिलेलं नाही, त्याला ते पाठ करावं लागतं. जे त्याला रोज भेटतं, म्हणजे रस्त्यात बसलेली गुरं, वळणावर अचानक येणारं रानडुक्कर, रपट्यावरून वाहणारं पाणी, त्यातून गाडी काढायचं त्याचं कौशल्य या परीक्षेत फारसं मोजलं जात नाही.

पुढची अट आणखी मजेशीर. नियम सांगतो की लर्निंगवाल्याने गाडी चालवताना सोबत पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा. मोटारसायकलवरही मागे बसवायचा तर असा शिकवणाराच. हे शहरात सोपं आहे, काका-मामा-शेजारी कुणीतरी असतंच. पण ज्या पाड्यावर कुणाकडेच लायसन नाही तिथे मागे बसायचं कुणी?

शिवाय कायदा म्हणतो, ज्या प्रकारच्या वाहनाचं लायसन हवं त्याच प्रकारच्या वाहनावर परीक्षा द्यायची. म्हणजे गाडी परीक्षेच्या जागी न्यायला हवी. गडचिरोली ते सिरोंचा दोनशे किलोमीटरहून जास्त. परिवहन कार्यालयं तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं घेतात, आणि ज्याला आपण सहज कॅम्प म्हणतो तो दिवस इथे फार मोलाचा असतो. तो चुकला, नेट गेलं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळलं नाही, की पुढच्या कॅम्पपर्यंत थांबा. जवळच्या गावाला भाड्याची गाडी करून पुन्हा या. त्या दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंगची परीक्षा देता येऊ लागली. एक फेरी वाचली, हे खरंच. पण घरबसल्यासाठी घरात रेंज लागते. आणि पक्क्या लायसनसाठी जावं लागतंच. त्याच वर्षी केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजनाही आणली. तिथे शिकून पास झालं की परिवहन कार्यालयातली चालवण्याची परीक्षा माफ. पण अशा केंद्राला सपाट भागात दोन एकर, डोंगराळ भागात एक एकर जागा, सिम्युलेटर आणि शिकलेले प्रशिक्षक लागतात. एवढा पैसा घालणारा माणूस आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते बघणार.

कागद नसल्याची किंमत

लायसन नसताना पकडलं गेलं तर दंड. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात तो पाच हजार रुपये झाला. तेंदूपत्त्याच्या हंगामात जमवलेल्या पैशांना त्याने चांगलंच भोक पडतं. पण खरी किंमत दंडाची नाही. ती अपघातानंतर कळते.

तुमच्या बाइकचा थर्ड पार्टी विमा आहे, पण चालवणाऱ्याकडे लायसन नाही. धडकेत कुणी गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरण सिंग प्रकरणात वाट दाखवली, तिला कोर्टकचेरीत 'आधी द्या, मग वसूल करा' म्हणतात. विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देते आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ज्याचं घर गेलं त्याला न्याय मिळतो, हे योग्यच आहे. पण मालकाकडे दोन-तीन एकर धानाची शेती असेल, तर ही वसुली कुठून होणार?

आणि चालवणाराच गेला तर? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये. मात्र शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर वैध लायसन जोडावं लागतं. म्हणजे दवाखान्यात, बाजारात, धान विकायला मोटारसायकलवर गेलेला माणूस परत आला नाही, आणि त्याच्या बायकोकडे सरकार पहिल्यांदा तो कागद मागतं, जो त्या सरकारने तिच्या गावाजवळ कधी आणलाच नव्हता.

रोजगाराचंही तसंच. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिजाच्या खाणी आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली होती. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. त्या रस्त्यावर माणसं मेली, लोकांनी आंदोलनं केली. जिल्ह्यात पहिल्यांदाच एवढ्या संख्येने चालकांची गरज होती. पण ट्रकचं लायसन एका उडीत मिळत नाही. वय वीस, आधी हलक्या चारचाकीचं लायसन, ते किमान एक वर्ष जुनं, मगच ट्रकचं लर्निंग. ज्याच्या गावात चारचाकी नाही, त्याने ही शिडी चढायला सुरुवात कुठून करायची? ट्रक गावातून जातो आणि गावातला पोरगा त्याच्याकडे बघत उभा राहतो, याचं एक कारण या शिडीत आहे.

परवाना गावात आला तेव्हा

गेल्या काही वर्षांत हालचाल आहे. गडचिरोली पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी' उपक्रमातून दुर्गम भागात सरकारी योजनांचे कागद पोहोचू लागले, तरुणांना चारचाकी चालवायचं प्रशिक्षणही दिलं गेलं. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा-वांगेतुरी भागात एसटी पोहोचली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. पण पोलिसांच्या उपक्रमावर कुणाचं लायसन अवलंबून असावं का, हा प्रश्न उरतोच. परिवहन खातं हे पोलीस खातं नाही. ज्या भागात लोक वर्षानुवर्षं पोलीस आणि माओवादी यांच्यामध्ये सापडले, तिथे लायसनसाठी ठाण्याची पायरी चढणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं.

याच जिल्ह्यात परवान्याची आणखी एक गोष्ट घडली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागत होता. हक्क गावाचा, पण पासबुक साहेबाच्या टेबलावर. गावाने हट्ट सोडला नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. तेव्हापासून तिथून निघणाऱ्या बांबूच्या गाडीला परवाना ग्रामसभा देते.

ड्रायव्हिंग लायसन ग्रामसभेने द्यावं असं कुणी म्हणणार नाही. मोटार दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, तिची परीक्षा तयार माणसानेच घ्यायला हवी आणि ती सगळीकडे सारखीच कडक हवी. पण परीक्षा कुठे घ्यायची, कुठल्या भाषेत, महिन्यातून किती वेळा, हे ठरवणं सरकारच्याच हातात आहे. माडियात प्रश्न वाचून दाखवणारा आवाज संगणकात घालायला नवा कायदा लागत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच गावी कॅम्प लावायलाही लागत नाही. त्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं आपणहून येतात, गाड्याही सोबत असतात.

कायदा होऊन शंभर वर्षं उलटली. आता जंगलात मोटारसायकली पोहोचल्या आहेत. लायसन देणाऱ्याने तेवढं अंतर कापायचं राहिलं आहे.