पांच महाभूतें आणि रिकामें पोट

अमरावतीहून परतवाडा ओलांडून सातपुड्याचा घाट चढूं लागलें, म्हणजे सेमाडोह, हरिसाल हीं गांवें मागें टाकीत रस्ता धारणीस पोंचतो. धारणी हें मेळघाटांतील तालुक्याचें ठिकाण. सभोंवार सागाचें अरण्य, तापीस मिळणाऱ्या सिपना-गडगा यांसारख्या नद्या, निर्मळ हवा आणि लखलखीत ऊन. शहरांतील धुरानें व धांवपळीनें शिणलेल्या गृहस्थास वाटावें कीं, निसर्गोपचाराला याहून योग्य स्थळ तें कोणतें? माती, पाणी, ऊन, वारा आणि मोकळें आकाश यांच्या आधारें देह निरोगी राखावा, असें जें शास्त्र सांगतें, त्याचीं सारीं साधनें येथें मुक्त हस्तानें ओतलेलीं आहेत. असें असतां १९९३ सालीं याच मेळघाटांतील कुपोषित कोरकू बालकांच्या मृत्यूंची वार्ता ऐकून महाराष्ट्र हळहळला. निसर्गाच्या मांडीवर वाढणारीं हीं मुलें दगावलीं तीं कां? या प्रश्नाचें उत्तर निसर्गोपचाराच्या इतिहासांतच बऱ्याच अंशीं सांपडतें.

ही उपचारपद्धति आज ज्या रूपांत ओळखली जाते, तें रूप तिला एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत मिळालें. लाइपझिग येथील लुई कुने यानें असा सिद्धांत मांडला कीं, रोग अनेक दिसले तरी त्यांचें मूळ एकच. अयोग्य आहारविहारामुळें देहांत विजातीय द्रव्य सांचतें. तें बाहेर टाकण्याची देहाची धडपड म्हणजेच रोग. म्हणून औषधानें ती धडपड दडपूं नये. कटिस्नान, घर्षणस्नान, वाफारा, उपवास व साधें अन्न यांनीं तिला साह्य करावें. आडोल्फ जुस्ट यानें या उपायांत मातीच्या पट्टीचें माहात्म्य वाढविलें. दक्षिण आफ्रिकेंत असतां महात्मा गांधींनीं या दोघांचे ग्रंथ वाचले आणि त्यांतील उपाय प्रथम स्वतःवर, मग कुटुंबीयांवर करून पाहिले. पुढें १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं आरोग्यावर एक छोटेंसें पुस्तक लिहिलें. त्यांत पृथ्वी, जल, आकाश, तेज व वायु या पांचांचाही उपचारांच्या दृष्टीनें विचार केला.

पुण्यांत डॉ. दिनशा मेहता यांचें निसर्गोपचारगृह होतें. महात्माजी तेथें अनेकदां राहिले, आणि १९४५ सालीं या कार्यासाठीं एक विश्वस्त निधिही स्थापन झाला. गोरगरिबांना तेथेंच उपचार मिळावेत, असा प्रथम विचार होता. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, खेड्यांतला दरिद्री रोगी शहरांत येऊन राहूं शकत नाहीं. उपचारानेंच त्याच्या दाराशीं गेलें पाहिजे. आपली चूक उघडपणें कबूल करून ते २२ मार्च १९४६ रोजीं पुणें-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथें गेले. सुमारें आठवडाभर तेथें राहून त्यांनीं रोगी तपासले. सूर्यस्नान, कटिस्नान, दूध, ताक आणि रामनाम हे उपचार सांगितले. आणि कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटींसाठीं ते दिल्लीस गेले.

मागें राहिले ते मणिभाई देसाई नांवाचे सुरतेकडील तरुण. जन्मभर उरुळींतच राहण्याचें वचन त्यांनीं महात्माजींस दिलें आणि १९९३ सालीं देह ठेवीपर्यंत तें पाळलें. विनोबांचे बंधु बाळकोबा भावे यांनींही हा आश्रम वाढविला. पण मणिभाईंचें लक्ष रोग्याच्या खाटेपाशीं थांबलें नाहीं. दूध प्या म्हणून सांगावयाचें, तर गांवांत गाय हवी. भाजी खा म्हणावयाचें, तर मळ्याला पाणी हवें. म्हणून ते शेतीकडे, गोपालनाकडे वळले. त्यांतूनच १९६७ सालीं ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली, आणि १९८२ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

या पद्धतीस मर्यादा आहेत, हें खुद्द महात्माजींच्या चरित्रांतच दिसतें. १९२४ सालीं आंत्रपुच्छाच्या विकारासाठीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली. १९४४ सालीं हिंवतापानें गांठलें, तेव्हां फळांच्या रसावर व उपवासावर भागेल असें त्यांस वाटत होतें. पण अखेर क्विनीन घेतलें आणि ताप हटला. हिंवतापाचे जंतू डांसांत वाढतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालींच सिकंदराबादेंत दाखवून दिलें होतें. कुनेच्या एकमूळ सिद्धांतांत त्या जंतूंना जागा नव्हती.

आतां पुनः धारणीकडे पाहावें. कुनेचा रोगी मुख्यतः अति खाणारा आणि बैठें काम करणारा. त्यास लंघन हें औषध. मेळघाटांतल्या बालकास लंघन हाच रोग. पावसाळ्यांत घरांतलें धान्य सरलेलें, शेतांतलें अजून पिकावयाचें, आणि नेमका त्याच वेळीं हिंवताप व अतिसार यांचा जोर. मग आईबाप भुमक्याकडे धांव घेतात, आणि कधीं कधीं फुगलेल्या कोंवळ्या पोटावर तापल्या लोखंडाचा डागही दिला जातो. अरण्यांत राहणें म्हणजे निसर्गोपचार घेणें नव्हे, हें यावरून स्पष्ट व्हावें.

याच धारणी तालुक्यांतील बैरागड येथें डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे हें दांपत्य आधुनिक वैद्यक घेऊन राहिलें. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. औषधानें न्युमोनिया बरा होतो, पण उपाशी मूल पुनः आजारी पडतें, हें अनुभवास आल्यावर डॉ. कोल्हे स्वतः शेती करूं लागले व तरुणांस ती शिकवूं लागले. उरुळींत मातीच्या पट्टीपासून आरंभ झाला, बैरागडांत गोळ्या-औषधांपासून. दोन्ही वाटा अखेर शेताच्या बांधावर येऊन मिळाल्या. मेहतांच्या पुण्यांतील वास्तूंत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, आणि नगरवासी गृहस्थास तेथील लंघन व स्नानें हितकर होऊं शकतील. उरुळीचें कटिस्नानाचें पात्र धारणीस नाहीं पोंचलें तरी चालेल. उरुळीचा नांगर व गाय मात्र तेथें पोंचलीं पाहिजेत, आणि त्यांच्याबरोबर हिंवतापाची गोळीही.