डोळ्यातला शंकू

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण तसं बरं नाही. भाच्याला केराटोकोनस असल्याचं निदान झालं. तीन वर्षांत चार चष्मे झाले होते त्याचे, आणि दर वेळी आम्ही सगळे मोबाईलला शिव्या देऊन मोकळे! रात्री दिव्यांना शेपट्या दिसतात असं तो सांगायचा, तेही कुणी मनावर घेतलं नाही.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, नीट गोलाईत असतो. या आजारात तो पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. पृष्ठभागच वेडावाकडा, मग चष्म्याची काच बदलून काय होणार?

तेव्हापासून मी याचा इतिहास वाचत बसलोय. (अस्वस्थ झालो की मी वाचतो, घरच्यांना माहीत आहे.) लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरांनी 1854 साली या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि डोळ्याच्या इतर फुगवट्यांपासून तो वेगळा काढला. ओळख तर पटली, पण उपाय? लंडनच्या विल्यम बोमननी बारीक आकड्याने बुबुळ ओढून बाहुली मांजरासारखी उभी चीर केली! हे वाचताना माझेच डोळे मिटले. पण एका अठरा वर्षांच्या मुलीला त्याने बरंच दिसू लागलं, अशी त्यांची नोंद आहे. फटीतून पाहिलं की प्रतिमा थोडी स्पष्ट होते, तोच हा प्रकार.

1888 साल मात्र मजेचं. पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनी काचेची वाटी बसवून शंकू दाबून सपाट करायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी झुरिकच्या अडोल्फ फिक यांनी आपल्या काचेच्या वाट्यांबद्दल लिहिलं. आधी ससे, मग स्वतःचा डोळा, मग रुग्ण. वाटी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची आणि आत द्राक्षसाखरेचं पाणी. खडबडीत कॉर्नियाचे खळगे त्या पाण्याने भरून निघत आणि प्रकाशाला पुढे गुळगुळीत काच मिळे. जड एवढी, की दोनेक तासांवर सहन होत नसे. आजची स्क्लेरल लेन्स याच तत्त्वावर चालते. काच गेली, हवा आरपार जाऊ देणारं प्लॅस्टिक आलं.

पुढे रामोन कास्त्रोव्हिएखो यांनी 1936 मध्ये केराटोकोनसच्या रुग्णावर कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. नेत्रदानाचं महत्त्व इथे कळतं.

पण बघा, आकडा, वाटी, दुसऱ्याचा कॉर्निया, हे सगळे उपाय शंकू झाल्यानंतरचे. तो वाढूच नये यासाठी कुणाकडे काही नव्हतं. ते जमलं ड्रेस्डेनमध्ये. वोलेन्झाक, श्पोएर्ल आणि झायलर यांनी 2003 मध्ये 23 डोळ्यांवरचे निष्कर्ष छापले. रिबोफ्लेविनचे (आपलं बी-2 जीवनसत्त्व!) थेंब घालायचे आणि अर्धा तास अतिनील किरण सोडायचे. कॉर्नियातल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो कडक होतो. वयाबरोबर हे थोडंफार आपोआप होतंच, म्हणून चाळिशीनंतर हा आजार बहुधा मंदावतो. त्या सगळ्या डोळ्यांत वाढ थांबली होती. अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र 2016 उजाडलं.

थांबते ती वाढ. गेलेली नजर बहुतेक वेळा तशी परत येत नाही. म्हणजे आमच्या चार चष्म्यांच्या काळात जे गेलं, त्यासाठी आता लेन्सच.

भाच्याचा उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात. डोळे चोळण्याने हा आजार बळावतो, त्यामुळे त्याचा हात डोळ्याकडे गेला की आई स्वयंपाकघरातून ओरडते. तिला दिसतं कसं, देव जाणे! आणि हा आजार काही घरांत भावंडांनाही होतो, म्हणून धाकटीची टोपोग्राफी शनिवारी आहे. त्यात कॉर्नियावर उजेडाची वर्तुळं पाडून ती कुठे वाकडी होतात ते बघतात. 1880 मध्ये पोर्तुगालच्या प्लासिदोंनी एका तबकडीवर काळी-पांढरी वर्तुळं काढून हेच केलं होतं. चुलत-मावस मंडळींनो, तुमच्या पोरांचे नंबर वरचेवर बदलत असतील तर फोन करा, दवाखान्याचा पत्ता देतो.