टेकडीवरचा दाब, गच्चीवरची टाकी

मुंबईच्या तलावांची पातळी दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. विहार भरून वाहतो ८०.१२ मीटरला, तानसा १२८.६३ ला, तुळशी १३९.१७ ला, मोडकसागर १६३.१५ ला. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच हवं असतं, की यंदा पाणीकपात होणार की नाही. पण हे आकडे उंचीचे आहेत, आणि मुंबईच्या नळाचा निम्मा इतिहास या उंचीत आहे. (या मोजणीचं शून्य समुद्रसपाटीवर नाही, टाउन हॉलच्या जुन्या खुणेवरून ठरवलेलं ते शून्य समुद्राच्याही बरंच खाली येतं. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक बघावा.) विहारचं पाणी १८६० मध्ये शहरात आलं. ते सखल वस्तीला पुरलं, मलबार हिलसारख्या उंचवट्यावर चढेना. पुढे १८७९ चा तुळशी, १८९२ चा तानसा आणि १९५७ चा मोडकसागर हे तिन्ही विहारपेक्षा उंच आहेत. लांब जावं लागलं ते मुख्यतः जास्त पाण्यासाठी, हे खरंच. पण तुळशीचं पाणी मलबार हिलच्या जलाशयाकडे नेलं गेलं ते त्याच्या उंचीमुळे.

नळातला दाब म्हणजे दुसरं तिसरं काही नसून वर साठवलेल्या पाण्याचं वजन. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराने आपल्या टेकड्या पाण्याच्या कामाला लावल्या. मलबार हिलवर आज लोक हँगिंग गार्डन बघायला जातात, माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात फिरायला जातात. दोन्ही बागा जलाशयांच्या छपरावर आहेत. युक्ती इंग्रजांनी आणली असंही नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून भिंतीच्या उंचीवरून खाली सोडलं, आणि त्या पडत्या पाण्यावर जातं फिरलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी पुण्याच्या हौदांपर्यंत आलं ते उतारानेच. हा दाब कुणा एका घराचा नव्हता. सगळ्या पेठेचा होता, आणि त्यासाठी कुणाला बटण दाबावं लागत नव्हतं.

मग तो गेला कुठे? सर्वसाधारण उत्तर असं, की माणसं वाढली, पाणी कमी पडलं, म्हणून घरोघर मोटर आली. हे उत्तर अर्धवट आहे, असं माझं मत आहे. पाणी कमी पडलं म्हणून ते ठराविक वेळीच सोडायला लागले, इथपर्यंत ठीक. पण दाब मारला तो मुख्यतः या वेळांनी. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या शहरांतल्या वाहिन्या सरासरी मागणीच्या दुप्पट प्रवाह धरून आखायला सांगितल्या आहेत, लहान गावांत तिप्पट. आता चोवीस तासांचं पाणी दोन तासांत द्यायचं ठरवलं, तर त्याच वाहिनीतून सरासरीच्या बारा पट पाणी धावायला हवं. घर्षणात वाया जाणारा दाब प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट. टेकडीने दिलेली उंची वाटेतच खर्च होते आणि गल्लीच्या टोकाला करंगळीएवढी धार उरते. त्यात घरातली प्रत्येक बादली, पिंप आणि टाकी याच दोन तासांत भरायची, म्हणून सगळे नळ एकदम पूर्ण उघडे. पाणी कुणी पिण्यासाठी घेत नसतं, साठवण्यासाठी घेत असतं.

इथे यंत्राचा प्रवेश होतो. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला तो शेतकऱ्याच्या विहिरीसाठी. घराच्या जिन्याखाली पंप येणं ही नंतरची गोष्ट. शहरातल्या इमारतींनी दोन टाक्यांची रीत पत्करली: एक जमिनीखाली, तिच्यात लाइनचं पाणी आपसूक पडतं, आणि दुसरी गच्चीवर, तिच्यात मोटर पाणी चढवते. आधी सिमेंटची किंवा लोखंडी असलेली गच्चीवरची टाकी सत्तरच्या दशकानंतर काळ्या प्लास्टिकची होऊ लागली आणि सिंटेक्स हे कंपनीचं नाव टाकीचंच नाव होऊन बसलं. ज्यांना खालची टाकी बांधायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी टिल्लू पंप होता. डालड्याच्या डब्याएवढं हे यंत्र. त्याचा पाइप थेट नळाला जोडायचा. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, लाइनमधली हवा बाहेर पडते, मीटर नुसत्या हवेवर गरगरतं. तेवढ्यात गल्लीभर टिल्लू घुरघुरायला लागतात.

या दोन मोटरी एकाच जातीच्या वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या टाकीतून वर पाणी चढवणारी मोटर विजेचं बिल वाढवते, एवढंच. लाइनला लावलेला टिल्लू शेजाऱ्याचा दाब ओढून घेतो. तो दाब निर्माण करत नाही, वाटणी बदलतो. म्हणून एकाने लावला की पुढच्याला लावावाच लागतो. शिवाय ओढीने लाइनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरायला वाट मिळते. पालिका हे पंप जप्त करतात ते उगाच नव्हे.

यावर सरळ आक्षेप असा, की वीस मजली इमारतीत मोटर नाही तर काय करणार? अगदी रास्त. तीच मार्गदर्शिका एका मजल्यासाठी सात मीटर, दोन मजल्यांसाठी बारा आणि तीन मजल्यांसाठी सतरा मीटर दाब शहराने द्यावा म्हणते. त्यावरच्या मजल्यांनी आपली सोय आपण करावी. पण टिल्लूचं राज्य बैठ्या घरांत आणि दुमजली वाड्यांत आहे, म्हणजे जिथे दाब देणं शहराचं काम होतं नेमकं तिथे. दुसरा आक्षेप: ठराविक वेळीच पाणी ही गरिबीची अपरिहार्यता आहे. लंडन काही गरीब नव्हतं. तिथल्या खासगी कंपन्याही ठराविक वेळीच पाणी सोडत, आणि घरोघर त्यासाठी हौद होते. सतत पुरवठ्यासाठी कायद्याचा रेटा आला १८७१ मध्ये, आणि तो अमलात यायला पुढची कित्येक वर्षं गेली. गंमत म्हणजे पाणी चोवीस तास आल्यानंतरही माळ्यावरची टाकी इंग्रजांच्या घरातून लवकर हलली नाही. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ते लहान गाव आहे, मुंबईला तो नमुना जसाच्या तसा बसणार नाही, हे मान्य. पण बारा पटींचं गणित गावाच्या आकाराने बदलत नाही.

तोडगे मात्र दुसऱ्याच दिशेने निघतात. काही गावांत पाणी सोडायच्या वेळी त्या भागाची वीज बंद ठेवतात, म्हणजे कुणाची मोटर चालणार नाही. पंखे थांबतात, टीव्ही बंद पडतो, आणि तेवढा तासभर शेवटच्या घरापर्यंत पाणी जलकुंभाच्या उंचीवर येतं.