एच-टू-ओमधल्या ‘दोन’ची कुळकथा

रसायनशास्त्राशी दहावीनंतर काडीमोड घेतलेल्या माणसालाही एक सूत्र तोंडपाठ असतं, ते म्हणजे एच-टू-ओ. त्यातला एच हायड्रोजनचा आणि ओ ऑक्सिजनचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. मधल्या दोनाची चौकशी मात्र कुणी करत नाही. तो तिथे येऊन बसायला पाऊणशे वर्षं लागली, आणि गंमत म्हणजे त्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आपल्याकडे पंचमहाभूतं, ग्रीकांकडे चार; पण पाणी हे मूलतत्त्व आहे यावर दोघांचं एकमत. या समजाला पहिला धक्का दिला तो लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशनं. गडगंज श्रीमंत आणि कमालीचा बुजरा माणूस. घरातल्या मोलकरणींसमोरही यायला नको म्हणून जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवणारा. आम्लात धातू टाकला की निघणाऱ्या ‘ज्वलनशील हवे’चा, म्हणजे हायड्रोजनचा, अभ्यास त्यानं १७६६ सालीच छापला होता. १७८१ मध्ये तो ही हवा साध्या हवेबरोबर बंद भांड्यात ठिणगीनं पेटवू लागला. काचेच्या आतून दव साचलं. तसं दव त्याआधी जोसेफ प्रीस्टलीनंही पाहिलं होतं; कॅव्हेंडिशनं ते मोजायला घेतलं. मोठ्या प्रमाणावर ज्वलन करून त्यानं १३५ ग्रेन, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास द्रव गोळा केला. त्याला चव नव्हती, वास नव्हता, आटवल्यावर खाली काही उरत नव्हतं. ते पाणी होतं.

१७८४ साली छापलेल्या त्याच्या निबंधात एक आकडा आहे. ४२३ मापं ज्वलनशील हवा जाळायला १००० मापं साधी हवा लागते. साध्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे २१० मापं. आता ४२३ ला २१० नं भागून पाहा. आपला दोन तिथेच होता. पण फ्लॉजिस्टन या काल्पनिक पदार्थावर कॅव्हेंडिशचा अढळ विश्वास, त्यामुळे पाणी हे दोन मूलद्रव्यांचं संयुग आहे हे सरळ वाक्य त्याच्या लेखणीतून उतरलं नाही.

ते वाक्य लिहिलं पॅरिसच्या लव्हॉझिएनं. १७८३ च्या जूनमध्ये कॅव्हेंडिशचा सहायक ब्लॅग्डन पॅरिसला गेला आणि त्याच्या तोंडून प्रयोगाची बातमी फुटली. लव्हॉझिएनं काही दिवसांतच तो करून पाहिला आणि पुढे उलटाही केला. लोखंडी बंदुकीची नळी लालबुंद तापवून तिच्यातून पाणी सोडलं. ऑक्सिजन लोखंडानं खाल्ला, दुसऱ्या टोकातून हायड्रोजन बाहेर आला. शोधाचं श्रेय कुणाचं यावरून कॅव्हेंडिश, वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट आणि लव्हॉझिए यांच्या भक्तांनी पुढे बराच काथ्याकूट केला. तो वाचण्यात फारसा अर्थ नाही.

त्यापेक्षा १८०० सालचा एक प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी इटलीहून लंडनला नुकतीच पत्रानं आली होती. शल्यविशारद अँथनी कार्लाइल यानं एप्रिल संपता संपता सतरा चांदीची हाफ-क्राउन नाणी, तेवढेच जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून स्वतःचा घट बनवला. तारेचा स्पर्श नीट व्हावा म्हणून वरच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला, तर तारेभोवती बारीक बुडबुडे दिसू लागले. कार्लाइलचा मित्र, मासिकाचा संपादक विल्यम निकल्सन याला त्यात हायड्रोजनचा वास आल्यासारखा वाटला. २ मे रोजी दोघांनी नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंनी पितळी तारा आत खुपसल्या. एका तारेवरून बुडबुड्यांची धार वर चढू लागली आणि दुसरी तार काळवंडत गेली, कारण तिथला ऑक्सिजन पितळेलाच खात होता. मग प्लॅटिनमच्या तारा घेतल्या, तेव्हा दोन्हीकडून वायू निघाले. ते वेगवेगळे जमवून मोजले. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुपटीच्या आसपास भरला. दोन पुन्हा दारात उभा.

इथे कथेत जॉन डाल्टन येतो आणि घोडं पेंड खातं.

मँचेस्टरचा हा क्वेकर शिक्षक हवामानाचा नादी. १७८७ पासून मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षं, त्यानं हवामानाची रोजनिशी ठेवली. पाण्याची वाफ हवेत नेमकी कशी राहते, या प्रश्नावर डोकं खाजवता खाजवताच तो अणूंच्या कल्पनेपर्यंत पोहोचला. अणुसिद्धांत एका अर्थी पाण्यातूनच निघाला, आणि तो मांडणाऱ्यानं पाण्याचंच सूत्र चुकवलं. अणू दिसत नाहीत, वजनं मात्र मोजता येतात. मग एका कणात कोणाचे किती अणू आहेत हे ठरवायचं कसं? डाल्टननं नियम घातला की दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर एकास एक धरावं. याच दोघांचं दुसरं संयुग, हायड्रोजन पेरॉक्साइड, सापडायला अजून वेळ होता; ते १८१८ साली थेनारनं शोधलं. तेव्हा पाणी म्हणजे एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. १८०८ च्या त्याच्या ग्रंथात पाणी आहे ते असं, एच-ओ. (अक्षरं माझी, तो वर्तुळं काढायचा.) याचा फटका पाण्यापुरता नव्हता. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. एकास एक धरलं तर ऑक्सिजनचा अणुभार ८, दोनास एक धरलं तर १६. ऑक्सिजन जवळपास सगळ्यांशी संसार थाटतो, त्यामुळे पायातच चूक राहिली की वरचे सगळे मजले तिरके.

त्याच १८०८ च्या अखेरीस फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकनं जाहीर केलं की वायू नेहमी साध्या पूर्णांकी घनफळांतच एकत्र येतात. दोन घनफळं हायड्रोजन, एक घनफळ ऑक्सिजन, आणि त्यातून दोन घनफळं वाफ. डाल्टननं हे मानलंच नाही. ‘एक तो हट्टी’ असं म्हणून आपण मोकळे होतो, पण त्याची अडचण खरी होती. समान घनफळांत समान कण असतील, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण होतात. म्हणजे ऑक्सिजनच्या अणूची दोन शकलं होणार! अणू तर अभंग. उत्तर १८११ मध्ये इटलीतल्या अ‍ॅव्होगॅड्रोनं दिलं. फुटतो तो अणू नव्हे. ऑक्सिजनचा कणच मुळात दोन अणूंची जोडी आहे, आणि ती जोडी सुटते.

इतकं स्वच्छ उत्तर, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. स्वीडनच्या बर्झेलियसचा त्या काळी दबदबा होता, आणि त्याच्या मते अणू विजेच्या विरुद्ध प्रभारांमुळे जुळतात. दोन सारखे अणू एकत्र नांदणं अशक्य. मूलद्रव्यांना अक्षरचिन्हं देण्याची पद्धत याच बर्झेलियसची, आणि पाण्यात दोन हायड्रोजन तोही मानायचा. फक्त आकडा अक्षराच्या डोक्यावर लिहायचा. तो पायाशी उतरला पुढे, जर्मनांच्या हातून. तरीही १८४० च्या दशकात पुष्कळ रसायनतज्ज्ञ पुन्हा एच-ओच लिहीत होते. कोण ऑक्सिजन ८ धरतो, कोण १६, काही पत्ता नाही. केकुलेनं आपल्या पाठ्यपुस्तकात व्हिनेगरमधल्या साध्या अ‍ॅसेटिक आम्लाची प्रचारात असलेली एकोणीस सूत्रं छापली, यावरून काय गोंधळ असेल तो समजावा.

हे भिजत घोंगडं वाळवायला १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे सुमारे १४० रसायनतज्ज्ञ तीन दिवस जमले. परिषदेत भाषणं झाली, निर्णय काही झाला नाही. जाता जाता इटलीच्या कॅनिझारोची एक पुस्तिका त्याच्या मित्रानं वाटली. तिच्यात अ‍ॅव्होगॅड्रोचं म्हणणं धरून अणुभार कसे नीट बसतात ते दाखवलेलं होतं. लोटार मायरनं ती परतीच्या वाटेवर वाचली आणि त्याचा गोंधळ फिटला. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी त्यानं मांडलेली आवर्तसारणी याच दुरुस्त अणुभारांवर उभी आहे. एकंदरीत गंगेत घोडं न्हालं ते जुना निबंध पुन्हा वाचल्यामुळे. डाल्टन तोवर गेला होता, आणि अ‍ॅव्होगॅड्रोही चार वर्षांपूर्वीच गेला होता.

डाल्टनचं एच-ओ अस्तित्वातच नाही असं नाही. त्याला हायड्रॉक्सिल मूलक म्हणतात. वातावरणात ते जेमतेम सेकंदभर टिकतं, कारण समोर येईल त्याच्यातून हायड्रोजन ओढून घेतं. हवेतला मिथेन साफ करण्याचं काम तेच करतं, आणि पेशीत तयार झालं तर डीएनएची मोडतोड. एका हायड्रोजनचा फरक, आणि जीवनाचं जीवघेणं होतं.

मग दोनानं नेमकं काय साधतं? दोन हायड्रोजन ऑक्सिजनला सरळ रेषेत चिकटत नाहीत, १०४.५ अंशांचा कोन करून बसतात. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्या उरतात. शेजाऱ्याला द्यायला दोन हायड्रोजन, शेजाऱ्याचे घ्यायला दोन जागा: पाण्याचा रेणू फुगडीला चारी बाजूंनी हात मोकळे असलेला गडी आहे. अमोनियाकडे द्यायला तीन, घ्यायला एकच जागा. हायड्रोजन फ्लोराइडकडे द्यायला एक, घ्यायला तीन. हिशेब जुळतो तो फक्त पाण्याचा. म्हणून अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, हायड्रोजन फ्लोराइड साडेएकोणिसाला, आणि पाणी १०० ला. पाण्याचाच थोरला भाऊ हायड्रोजन सल्फाइड, वजनानं जवळजवळ दुप्पट, तरी उणे ६० लाच वायू होऊन बसतो.

हात धरण्याच्या या प्रकाराची, म्हणजे हायड्रोजन बंधाची, कल्पना १९२० साली बर्कलीच्या लॅटिमर आणि रोडेबुश यांनी मांडली. द्रव पाण्यात तो कसा चालतो, याचा पहिला चांगला आराखडा बर्नाल आणि फाउलर यांचा, १९३३ चा. मॉस्कोच्या विमानतळावर धुक्यामुळे दोघे अडकून पडले आणि तिथल्या गप्पांतून तो निघाला.

बाकीचं सगळं या चार हातांचंच. बर्फात प्रत्येक रेणू चौघांना धरून ऐसपैस बसतो, म्हणून बर्फ नऊ टक्के जास्त जागा घेतो आणि तरंगतो. पाणी सर्वात जड असतं ते ४ अंशांना, म्हणून गोठलेल्या तळ्याच्या तळाशी मासे जगतात. मीठ, साखर, खनिजं पाण्यात विरघळून रक्तातून आणि झाडांच्या देठांतून फिरतात. तेलकट रेणूंना मात्र पाणी जवळ करत नाही. ते एकमेकांना बिलगतात, आणि पेशीचं आवरण अशाच बिलगण्यातून होतं. पाणी तापवायचं तर आधी हे बंध सैल करायला उष्णता खर्चावी लागते, म्हणून ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मे महिन्यात नागपूर पंचेचाळिशीला टेकतं तेव्हा रत्नागिरी तेहतीस-चौतिसावर असते, ही शेजारच्या समुद्राची कृपा. आणि तरीही रत्नागिरीकर घामानं हैराण. एक ग्रॅम घाम उडून जाताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो, पण उडेल तर ना. दमट हवेत तो नुसता निथळतो.

पाऊणशे वर्षांच्या वादाचा विषय घरी बघायचा असेल तर फार लागत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून पुठ्ठ्यातून पाण्यात सोडा आणि वरच्या टोकांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडा. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर बुडबुडे उघड जास्त दिसतील. तो हायड्रोजन. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी ओढू नका, भिंतीतल्या प्लगच्या विजेच्या तर वाटेलाही जाऊ नका. आणि सोड्याऐवजी मीठ घालू नका. दुसऱ्या पेन्सिलीवर क्लोरीन निघू लागतो, आणि तो विषारी असतो.